आजऱ्याला गेलेली गवरी

सिद्धराम तोडकरांच्या घरात कुत्रं कधी आंधळं झालं नाही. ते आजऱ्याला जायचं.

ही त्यांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. पिल्लू दोन-तीन वर्षांचं झालं आणि तिन्हीसांजेला पायरी चुकायला लागलं, भांड्याला धडकायला लागलं, की आठवड्याच्या आत त्याची रवानगी आजऱ्याला. तिथं सिद्धरामअण्णांच्या थोरल्या बहिणीची, आक्काची, काजूची बाग. गावात कोणी विचारलंच, "अण्णा, ती पांढरी-तपकिरी कुत्री दिसंना कुठं?" तर उत्तर ठरलेलं : "आजऱ्याला गेलीया. बागेला राखण नगो का?" आंधळं कुत्रं कसली राखण करतंय डोंबलाची! पण विचारणार कोण?

मंगळवार पेठेत अण्णांचं सरकी पेंडीचं दुकान. घर लिंगायत, उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नाही, आणि परसात मात्र तीन पिढ्या पॉइंटर कुत्री. पाखराचा वास आला की एक पाय उचलून जागच्या जागी थिजणारी ही शिकारी जात. लोक चेष्टा करायचे. अण्णा म्हणायचे, "आमचं कुत्रं दाखवतंय, मारत न्हाय." आणि खरंच होतं ते. शाळू निघाला की जिल्ह्यातली हौशी मंडळी मोकळ्या रानात जमायची. कुत्रं लाव्यापुढं उभं राहायचं, माणसं टाळ्या वाजवायची, लावा भुर्रकन उडून जायचा आणि सगळे भडंग खाऊन घरी. बंदूक नाही, काही नाही. कुणाचं कुत्रं किती वेळ हललं नाही, एवढ्यावरच वर्षभर मिशीला पीळ भरायचा.

त्यात अण्णांची मिशी सगळ्यात उंच. कारण काय, तर 'घरचं रगत'. आज्ज्यानं आणलेल्या एका जोडीपासून आजतागायत त्यांनी बाहेरचा नर घरात घेतला नव्हता. नात आज्ज्याला, पुतणी चुलत्याला, अशा सगळ्या जोड्या घरातल्या घरात. त्यामुळं प्रत्येक कुत्रं साच्यातनं काढल्यासारखं : डावा पाय उचलणार, मान उजवीकडं जराशी कलती ठेवणार. लांबून बघून लोक म्हणायचे, "त्ये बघा, तोडकरांचं." हे ऐकायला अण्णांना जे गोड लागायचं, त्यापुढं बासुंदी फिकी.

दोन वर्षांपूर्वी असंच रानात कबनूरच्या महावीर मगदूमनं हात जोडून विचारलं होतं. यंत्रमागवाला माणूस, जैन, तोही असाच न मारणाऱ्यांतला. "अण्णा, तुमच्या रंभासाठी माझा हिरा बघतासा काय? थोडं बाहेरचं रगत आलं तर दोघांचंबी भलं हुईल." हिऱ्याच्या आईचे कागद नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक. चाळीस माणसांत अण्णा गरजले, "आईचा पत्ता न्हाय त्याच्या गळ्यात माझी पोरगी बांधू व्हय? मागाच्या चिंध्यात घरचं रगत पुसायचं न्हाय मला!" माणसं फिदीफिदी हसली. महावीरही कसनुसा हसला आणि हिऱ्याला साखळी लावून निघून गेला.

आणि आता अण्णा त्याच महावीरच्या दारात निघाले होते.

झालं होतं असं. रंभाला तिच्या आज्ज्याकडून, म्हाताऱ्या बाजीकडून, सहा पिल्लं झाली होती. चार विकली, दोन घरी ठेवली. ती दोन्ही गेल्या दिवाळीनंतर आजऱ्याला गेली. विकलेल्यांतल्या एकाच्या मालकाचा सांगलीहून फोन आला, कुत्रं अंधारात ठेचकाळतंय म्हणून. अण्णांनी सांगितलं, "उन्हाचं असंल, गाजर घाला." फोन ठेवल्यावर त्यांना जेवण गेलं नव्हतं. रंभा आता साडेसहा वर्षांची, आता होईल ती तिची शेवटचीच वीण. ती पुन्हा माजावर आली, तशी लेक पवित्रा आडवी आली. पवित्रा जनावरांची डॉक्टर, शिकून नुकतीच परत आलेली, जिभेला हाड नाही.

"अप्पा, माणसांच्या सोयरिकीत गोत्र बघतासा. कुत्र्यांत आज्ज्या-नात कशी चालती वो?"

"तसं केलं म्हणून तर जात टिकली."

"जात टिकली, डोळं गेलं. दोष दोन्हीकडनं आला की पिल्लू आंधळं. घरातच जोडलं की दोन्हीकडनं येणारच की! बाहेरचा नर बघा. न्हायतर मी रंभाची पिल्लं बंद करायचं ऑपरेशनच करून टाकते."

दोन दिवस अण्णांनी जेवणाचा डबा दुकानातच मागवला. तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच गाडीत रंभासाठी पोतं अंथरलं. जिल्ह्यात चांगला पॉइंटर नर दुसरा होता तो एकच, हिरा. शेवटी अडला हरी म्हणतात तशातली गत. वाटेत अण्णा एवढंच बोलले, "आपल्यातला दोष तिथं बोलायचा न्हाय. पिल्लं चांगली निघाली की आपोआप मिटंल सगळं." गाडी चालवणाऱ्या पवित्रानं गियर बदलला.

कबनूरला मागांचा खडखडाट चालू होता. महावीर बाहेर आला, अण्णांना बघून जरा थबकला, आणि मग असा काही हसला की जणू चाळीस माणसांतलं ते बोलणं झालंच नव्हतं. "या या अण्णा! अरुणा, पावणं आल्यात, ताक आण." अण्णांना वाटलं, ह्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताक पिऊन झालं. गाडीतनं उतरवलेली रंभा अण्णांच्या खुर्चीपाशी बसली होती. अण्णांनी घसा खाकरून काम सांगितलं. महावीरनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्याकडनं कवाच हो हाय. पर एक इचारतो, राग मानू नका. रंभाच्या रगतात डोळ्याचं काय हाय का?"

"डोळ्याचं?" अण्णा म्हणाले. "छ्या! निर्मळ. तीन पिढ्या निर्मळ."

पवित्रानं बापाकडं बघितलं. मग खाली, ताकाच्या रिकाम्या भांड्यात बघत बसली. लेकीनं चारचौघांत बापाची लाज राखली, आणि अण्णांना तेच जास्त झोंबलं. हातातलं भांडं कुठं ठेवायचं ते सुचेना.

"मग बरं झालं," महावीर मोकळा होऊन म्हणाला. "कारण मला सांगायलाच पायजे. माझ्या हिऱ्यात दोष हाय. त्याची आई आंधळी झाली. बाप बेळगावचा, त्यो चांगला, म्हणून हिऱ्याला दिसतंय. पर आईचा दोष त्याच्यात लपून बसलाय. तुमच्या रंभात तसलं काय नसंल तर एकबी पिल्लू आंधळं व्हणार न्हाय. म्हणून तर त्या वेळी तुमच्याकडं आलतो. म्हटलं, अख्ख्या जिल्ह्यात निर्मळ रगत आसंल तर तोडकरअण्णांचंच."

कुत्र्याचा दोष असा ताकासारखा पुढ्यात ठेवणारा माणूस अण्णांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. ते उगीच म्हणाले, "आई आंधळी झाली म्हणजे... आणली कुठनं हुती?"

"आजऱ्यास्नं," महावीर म्हणाला. "सूत पोचवायला गेलतो तिकडं. एका काजूच्या बागेत दिसली. झाडाला धडकत हुती बिचारी. बागेच्या बाईनं स्पष्ट सांगितलं, डोळं चाललंत हिचं, कुणी टाकलीया त्ये इचारू नगा. मी म्हटलं, मला काय करायचंय. घेऊन आलो. हाय की अजून! अकरा वर्षांची हाय. थांबा, दाखवतो." आणि त्यानं मागच्या दाराकडं बघून हाक मारली, "सोने! ये बाई हिकडं."

अण्णांना उठून पळावंसं वाटलं.

मागच्या दारातनं एक म्हातारी कुत्री आली. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, तोंड सगळं पिकलेलं, डोळे दुधाळ. भिंतीला अंग घासत, हुंगत हुंगत, सवयीच्या वाटेनं ती महावीरकडं चालली होती. अर्ध्या वाटेत थांबली. नाकपुड्या हलल्या. मग तिनं डावा पाय उचलला, मान उजवीकडं जराशी कलती केली, शेपूट सरळ केली आणि थिजून उभी राहिली.

"अगं, हितं पाखरू कुठलं?" महावीर हसला. हसता हसता त्यानं तिच्या नाकाच्या रोखानं बघितलं. रोख अण्णांवर होता.

शेजारच्या शेडमध्ये माग आदळत होते. महावीरनं एकदा तिच्या उचललेल्या पायाकडं बघितलं, एकदा रंभाच्या तोंडावरच्या ठिपक्यांकडं. रानात लांबनं बघून 'त्ये बघा, तोडकरांचं' म्हणणाऱ्यांत तोही होताच की.

"गवरे," अण्णांच्या तोंडून निघून गेलं.

आठ वर्षांनी ऐकलेलं नाव! म्हातारीनं पाय खाली टाकला आणि धडपडत, रंभाला धडकत, खुर्चीला धडकत येऊन अण्णांच्या धोतरात तोंड खुपसलं. तोंडानं कूं कूं चाललेलं. बाजीची पाठची बहीण ती. तीन वर्षं अण्णांच्या खाटेखाली झोपलेली. घरच्या वंशावळीच्या वहीत तिच्या नावापुढं अण्णांनी स्वतःच्या हातानं 'वारली' असं लिहिलं होतं. आजऱ्याला सोडून निघाले तेव्हा ती गाडीच्या आवाजामागं फाटकापर्यंत पळत आलेली, आरशात दिसत असूनही त्यांनी मागं वळून बघितलं नव्हतं; हे त्यांनी आठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि आता ती त्यांचे हात चाटत होती. अण्णांना तिला हात लावायचीही लाज वाटत होती.

"महावीरराव," ते मान वर न करता म्हणाले, "मी खोटं बोललो. रंभाच्या पोटची आंधळी झाल्यात. बाजीची बहीण आंधळी झाली, ती हीच. बापाच्या येळंपासनं हाय ह्यो दोष. दिसला की आजऱ्याला पाठवायचा आणि वर मिशी पिळायची. आईचा पत्ता न्हाय म्हणून तुमच्या हिऱ्याला बोललो... तिचा पत्ता मीच हाय."

महावीर रागावला नाही, हीच पंचाईत. मग म्हणाला, "त्या दिवशी रानात बोललासा, त्याचं काय न्हाय अण्णा. मगाशी मी डोळं इचारलं, तवा तुम्ही निर्मळ म्हणालासा. आज पोरगी रंभाला हिऱ्याकडं घेऊन गेली असती आणि चार आंधळी पिल्लं झाली असती, तर तुम्ही म्हणाला असता, मगदूमाच्या कुत्र्याचा दोष. व्हय का न्हाय?"

अण्णांनी मान हलवली. व्हय. अगदी हेच म्हटलं असतं.

"मला सांगून काय उपेग?" महावीर म्हणाला. "ज्यांनी पिल्लं नेल्यात, ती आता पुढं जोड्या लावणार. त्यास्नी सांगा."

हौशी मंडळींचा मोबाइलवर ग्रुप होता, दीडशे माणसांचा. अण्णांचा फोटो त्यात सगळ्यात वर, मिशीसकट. त्यांनी फोन काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. शेवटी पवित्रानं फोन हातात घेतला, बटण दाबून धरलं आणि त्यांच्या तोंडापुढं केला.

"मी सिद्धराम तोडकर बोलतोय," अण्णा म्हणाले. "माझ्या घरच्या रगतात आंधळेपणा हाय. मला म्हाईत हुतं. ज्यांनी माझ्याकडनं पिल्लं नेल्यात त्यांनी एकमेकांत जोडू नका. सांगलीच्या पावण्यांनो, त्ये उन्हाचं नव्हतं. मला माफ करा." पवित्रानं बोट उचललं. निरोप गेला.

रंभाचं ऑपरेशन माज ओसरला की करायचं, असं पवित्रानं ठरवलं. तोडकरांचं घरचं रगत तिथंच, कबनूरच्या त्या घरात संपलं.

निघताना अण्णांनी चाचरत विचारलं, "हिला... घरी नेऊ का? राहिलंत तेवढं दिवस."

महावीरनं म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. "नगो अण्णा. हितल्या भिंती तिला पाठ झाल्यात."

गाडी सुरू झाली तशी ती उठली आणि आवाजामागं फाटकापर्यंत आली. अण्णांनी या खेपेला मागं वळून बघितलं.