कापडावरचा मुळा

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ते तिला चिकटवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की नवराही पुढे त्याच नावाने हाक मारायला लागला. बसल्या जागी चैन म्हणून पडायची नाही बाईला. जेवतानासुद्धा एक पाय उठायच्या तयारीत. आणि हल्ली तर ताटावरून दोन-तीनदा उठून ती खिडकीतल्या फळीपाशी जायची, तिथल्या ट्रेवर वाकून वास घ्यायची आणि परत येऊन गार झालेला घास तोंडात कोंबायची.

"मुळा काय पळून जातोय?" नवऱ्याने विचारलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून आलेल्या माणसाला घरी तरी कुणी स्थिर बसलेलं दिसावं, एवढीच त्याची अपेक्षा.

"पळून गेला असता तर परवडलं असतं. सडतोय तो!"

हा सगळा व्याप तिने आपण होऊन मागे लावून घेतला होता. त्याआधी ती भाजी पॅक करायच्या शेडमध्ये कामाला होती. धुतलेला पाला प्लॅस्टिकच्या डबीत भरायचा, वर प्लॅस्टिकचा पडदा ओढायचा, यंत्राचा दांडा दाबायचा, की पुढची डबी. घरी आली तरी केसांना तापल्या प्लॅस्टिकचा वास. एकदा तिने सहज एक भरलेली डबी हातात तोलून पाहिली आणि मग पाला काढून रिकामी तोलली. फरकच कळेना. नाकापेक्षा मोती जड! त्या दिवसापासून तिचं कामातून मन उडालं ते उडालंच, आणि एक दिवस ती नोकरी सोडून घरी आली. सुपरवायझर भला माणूस होता. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. नाहीच जमलं तर त्यानंतरच्या सोमवारी ये, कुणी काही बोलणार नाही."

तिला हेच नको होतं. परतीचा दरवाजा उघडा असला, की माणसाचं लक्ष सारखं तिकडेच जातं.

घरात माती आणायची नाही आणि प्लॅस्टिकही शक्यतो नाही, असा तिने पण केला. जॅमच्या काचेच्या बाटल्यांत खतपाणी भरलं, पत्र्याच्या झाकणाला भोक पाडून सुती वात सोडली आणि वर सॅलडच्या पानांची रोपं बसवली. काचेतून उजेड गेला की पाणी हिरवं होऊन मुळं गुदमरतात, म्हणून प्रत्येक बाटलीला नवऱ्याचा एकेक जुना मोजा चढवला. "माझ्यापेक्षा तुझ्या पाल्याचे पाय उबेत आहेत," असं तो म्हणायचा. पण ती रोपं मजेत वाढत होती, त्यांचं काही रडगाणं नव्हतं.

रडगाणं होतं ते कोवळ्या पाल्याचं. मुळ्याचं आणि मोहरीचं बी दाट पेरायचं, बोटभर उंच झालं, दोन पानं उमलली, की कापून खायचं. लोक त्यासाठी प्लॅस्टिकचे ट्रे आणि फोमच्या चकत्या वापरतात. हिने भंगारातून पांढऱ्या मुलाम्याचे पत्र्याचे जुने ट्रे आणले आणि फोमऐवजी जुन्या सुती चादरीचे तुकडे अंथरले. कापड भिजवायचं, त्यावर बी, आणि पाला निघाला की कापड धुऊन पुन्हा कामाला. पहिली खेप अशी देखणी आली, की कोपऱ्यावरच्या खानावळवाल्या काकूंनी चिमूटभर चावून लगेच सांगितलं, "महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझ्याकडे मोठी पंगत आहे. आठ ट्रे आण, आख्खेच्या आख्खे. लोकांसमोर कापायचे. चांगले निघाले तर दर आठवड्याला घेईन. पण एका ट्रेत जरी बुरशी दिसली, तरी सगळे परत पाठवीन हं."

बुरशीचं नाव काकूंनी काढलं आणि बुरशीने जणू ते ऐकलं. त्यानंतरची खेप कोळ्याच्या जाळ्यासारख्या करड्या लवीने भरून गेली. तिच्यानंतरचीही तशीच.

भिंगरीने काय नाही केलं! बी बदललं. पाणी उकळून गार करून वापरलं. ट्रे ऊन-ऊन पाण्याने घासले. पंखा दिवसभर चालू ठेवला, तेव्हा सासूबाई शाल पांघरून बसल्या. शेवटी तिने नवऱ्यावर तोंडसुख घेतलं, कारण त्याचा ओला रेनकोट खिडकीजवळ टांगलेला असायचा.

"दमट हवा तुझ्या कोटातून येते!"

"आणि तुझ्या वीस बाटल्यांतलं पाणी काय कोरडं आहे?"

ती उठून पुन्हा ट्रेचा वास घेऊन आली. रागापेक्षा भीती जास्त होती. आपल्या हातालाच गुण नाही, आपले हात फक्त दांडा दाबायच्या लायकीचे, असं तिला वाटायला लागलं होतं.

या सगळ्यात एकच गोष्ट घरात सुखाची होती, ती म्हणजे सासूबाई. त्यांचं खालच्या रस्त्यावर लाँड्रीचं दुकान होतं. सगळी वस्ती त्यांना इस्त्रीबाई म्हणायची. त्यांनी इस्त्री केलेला शर्ट घालून माणूस संध्याकाळी घरी आला तरी कॉलर सकाळसारखी. मग गुडघे बोलायला लागले, समोर यंत्रांची लाँड्री आली आणि दुकान बंद झालं. तेव्हापासून त्या खिडकीशी बसून वर्तमानपत्राच्या घड्या तळहाताने दाबत राहायच्या. वाचायच्या नाहीत, नुसत्या दाबायच्या. पहिल्या खेपेनंतर भिंगरी ट्रेतली कापडं मोरीत घाईघाईने खळबळत होती, तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय धुणं झालं? दे इकडे. यापुढे ही कापडं माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जी चळत आणून दिली, ती बघत राहावी अशी. पांढरीशुभ्र, चौकोनी, कागदासारखी ताठ. ट्रेत टाकली, की एक सुरकुती नाही. सासूबाईंची पाठसुद्धा सरळ झाली होती, आणि त्या कामात गुणगुणायला लागल्या होत्या. भिंगरीने ते नवऱ्याला मुद्दाम ऐकायला लावलं होतं.

शेवटच्या शनिवारला आठवडा उरला असताना तिने चाचणीचे ट्रे उघडले. करडी लव, करडी लव, करडी लव. आणि एक ट्रे लख्ख. मुळ्याच्या दांड्या गुलाबी, पानं तुकतुकीत, वास ताजा. तिने तो दोनदा हुंगला. बी तेच, पाणी तेच, फळी तीच. मग तिला आठवलं, की पेरताना कापड एक कमी पडलं होतं आणि तिने नवऱ्याचा फाटका बनियन पाण्यातून काढून तिथे अंथरला होता.

तिने चळतीतलं एक ताठ कापड घेतलं, कोपऱ्यावर थेंबभर पाणी टाकलं आणि बोटाने चोळलं. बोट चिकट झालं.

ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई गॅसपाशी उभ्या राहून पातेल्यात काहीतरी पांढरं ढवळत होत्या. कपड्यांना घालायची कांजी. पिठाची खळ. कापड ताठ राहावं म्हणून जन्मभर त्यांनी केली तीच.

"पातळच करते हो," तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "जाड झाली तर कापड टोचेल बिचाऱ्या बियांना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतके दिवस ती हवेला, पाण्याला, रेनकोटाला दोष देत होती, आणि बुरशीला रोजच्या रोज पंगत वाढली जात होती ती या मायेच्या हातांनी. तिला हसू येईना आणि रडूही. ती तशीच चपला घालून खाली गेली, इमारतीला एक फेरी मारली, आणखी एक मारली आणि वर आली. सांगायचं तर कसं? आणि न सांगावं तर शनिवार गेला, सोमवारी शेड आहेच. पेरणी उद्या सकाळी व्हायलाच हवी होती.

तिने भेकडांचा मार्ग धरला. सासूबाई शेजाऱ्यांकडे बसायला गेल्या, तेव्हा मोरीचं दार लोटून तिने सगळी चळत कढत पाण्यात घातली आणि चोळायला बसली. पाणी दुधाळ झालं. तिने ते ओतलं, दुसरं घेतलं. नळाच्या आवाजात दार वाजलेलं तिला कळलं नाही.

"माझ्या हातचं धुणं परत धुतेस?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं.

"आई, तसं नाही..."

"एवढी वर्षं दुकान चालवलं. एक शर्ट कधी परत आला नाही माझ्याकडे. डाग राहिला का? कुठे राहिला, दाखव."

"डाग नाही, आई. धुणं उत्तम आहे. पण ती कांजी... बुरशी ती कांजी खाते. पिठावरच वाढते ती." भिंगरीचे शब्द एकमेकांवर आदळत बाहेर पडले. "मलाच आज कळलं. मी विचारायला हवं होतं, मी बघायला हवं होतं. तुमची काही चूक नाही यात."

सासूबाईंनी बादलीतल्या दुधाळ पाण्याकडे पाहिलं. मग कोरडेच असलेले हात पदराला पुसत त्या खिडकीशी जाऊन बसल्या. रात्री "भूक नाही" म्हणाल्या. नवऱ्याने खुणेनेच काय झालं म्हणून विचारलं, तर भिंगरीने खुणेनेच गप्प राहायला सांगितलं. त्या ओरडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. तिने फोन हातात घेतला, सुपरवायझरचा नंबर काढला. जावं परत. डबी, पडदा, दांडा. इथे सगळं पूर्वीसारखं होईल, कापडं ताठ राहतील आणि म्हातारी गुणगुणेल. तिने फोन ठेवला, पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. सासूबाईंच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण त्या आज घडीही दाबत नव्हत्या. आपण या बाईच्या हातातलं काम काढून घेतलं, हे भिंगरीला दिसत होतं.

सकाळी ती उठून आली, तर फळीवर कापडांची चळत होती. ताठ नाही. चुरगळलेली, मऊ, कडा वाकड्यातिकड्या झालेली. इस्त्री तर नाहीच. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचे तळवे लाल झाले होते.

"गरम पाण्यातून काढलीत. पाणी अगदी नितळ येईपर्यंत. साबणसुद्धा ठेवला नाही." त्यांनी चळत पुढे सरकवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. असं ध्यान त्यांच्या हातून आजवर कधी बाहेर पडलं नव्हतं. "घे. पण माझ्या हातचं आहे म्हणून कुणाला सांगू नकोस."

भिंगरीने नाही सांगणार म्हणून मान हलवली आणि बी पेरायला घेतलं.

तो आठवडा घरात कुणी धड जेवलं नाही. पेरल्यावर दोन दिवसांनी बियांभोवती पांढरी लव दिसली, आणि ती आधी दिसली सासूबाईंना.

"आली का गं?" त्या ओरडल्या. "अगं, ये लवकर, आली वाटतं!"

भिंगरीच्या हातातला चमचा खाली पडला. तिने फवारा घेऊन वरून पाणी मारलं. पांढरी लव क्षणात चिकटून दिसेनाशी झाली. "मुळांचे केस आहेत, आई. बुरशी असती तर अशी बसली नसती." दोघींनी एकदमच श्वास सोडला. पण सासूबाईंचा भरवसा बसला नाही. रोज जेवताना त्या गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या, फळीपाशी जायच्या, हुंगायच्या आणि परत यायच्या.

"आता घरात दोन भिंगऱ्या," नवरा म्हणाला. "आणि मी दिवसभर लिफ्टमध्ये."

शनिवारी तिघं मिळून आठ ट्रे खानावळीत घेऊन गेली. नवरा ट्रे ठेवून लगेच कामावर पळाला. आत भांड्यांचा खणखणाट, कांद्याचा धूर, आचाऱ्यांची आरडाओरड. भिंगरीला तिथे उभं राहवेना. ती या पायावरून त्या पायावर होत राहिली. सासूबाई दाराशीच थांबल्या, कडक इस्त्रीच्या साडीत.

खानावळवाल्या काकूंनी पहिल्या ट्रेत नाक खुपसलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यातल्या कापडाचा कोपरा धरून अख्खी हिरवळ उचलली आणि खालची बाजू पाहिली. पांढरी मुळं कापडातून आरपार उतरली होती. कुठे डाग नाही, वास नाही. त्यांनी आठही ट्रे तसेच उचलून पाहिले, आणि त्या प्रत्येक उचलण्यागणिक भिंगरीचा जीव वर-खाली झाला.

"बाहेर मांडा रे सगळे," काकूंनी आचाऱ्याला सांगितलं. "आणि कात्री घे." मग भिंगरीकडे वळून, "पुढच्या शनिवारीही इतकेच आण. चुकवू नकोस."

सोमवारी सुपरवायझरला काय सांगायचं, ते भिंगरीला आता कळलं होतं. तिला तिथेच एक गिरकी घ्यावीशी वाटली. पण काकू अजून कापडाचा कोपरा बोटांत धरून उभ्या होत्या.

"इतकं स्वच्छ कापड! धुतलं कुणी?"

कुणाला सांगणार नाही, असा भिंगरीने शब्द दिला होता. तिने काकूंच्या डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मी," दाराशी आवाज झाला. सासूबाई दोन पावलं आत आल्या, ट्रेतल्या त्या चुरगळलेल्या कडांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान ताठ केली. "मी धुतलंय. इस्त्री मुद्दाम नाही केली."