मोहासोबत वाळवलेला चुना

कमरुद्दीनचाचांनी एकतीस वर्षं कोळसा खाणीच्या बचाव-खोलीत विषारी वायूत उतरणाऱ्या माणसांचे श्वासाचे सेट सांभाळले. त्यांनी भरलेला सेट घालून खाली गेलेला माणूस वर आला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ही गोष्ट ते कोणी न विचारता सांगत. विचारलं तर जास्त वेळ सांगत. निवृत्तीनंतर चंद्रपुरात ऐकणारी माणसं कमी पडायला लागली होती, तेवढ्यात प्रफुल खोब्रागडे पाठीवर एक यंत्र घेऊन दारात उभा राहिला.

प्रफुल समुद्रात खोल बुडी मारायचं काम सोडून आईजवळ परतला होता. येताना एका परदेशी माणसाचा जुना सेट घेऊन आला. साध्या टाकीवाला पाणबुड्या सोडलेला श्वास बुडबुड्यांनी पाण्याला देऊन टाकतो. हा सेट तसा उधळ्या नव्हता. सोडलेला श्वास चुन्याच्या दाण्यांच्या डब्यातून फिरायचा, दाणे त्यातली वाईट हवा शोषून घ्यायचे, यंत्र जरासा ऑक्सिजन घालायचं आणि तोच श्वास परत तोंडाशी यायचा.

"हा त आमच्या खाणीतल्या सेटचा भाऊच हाये," चाचा म्हणाले. "फक्त पोहायले शिकलेला."

हा भाऊ सहा फुटी माणसासाठी बनलेला होता आणि प्रफुल पाच फूट तीन इंच. श्वासाच्या दोन्ही पिशव्या त्याच्या पोटावर लोंबत. चाचांनी त्या खांद्यापाशी सरकवल्या, पट्टे कापले, आणि नवी खोळ बायकोकडून, कमरजहाँकडून शिवून घेतली. तिनं माप घेताना विचारलं, "खिसा ठेवू का?" ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो, म्हणून एकाही सांध्याला तेलाचा थेंब लागू नये यासाठी चाचांनी महिनाभर डोक्याला तेल लावलं नाही. कमरजहाँला हे यंत्रापेक्षा जास्त खटकलं.

एप्रिलमध्ये काम आलं. बंद पडलेल्या एका उघड्या खाणीत पाणी साचलं होतं आणि शेजारचं गाव तेच पाणी पंपानं ओढून पीत होतं. पंपाचा तराफा उलटला आणि पंप पंचावन्न मीटर खोल तळाशी जाऊन बसला. त्याला दोर बांधायचा होता. सरपंच नूतनबाई मडावी सकाळी सातलाच काठावर हजर होत्या.

चाचांनी प्रफुलच्या घरून आणलेला दाण्यांचा ड्रम उघडला. दाणे पांढरेशुभ्र होते. त्यांनी डबा भरला, थापट्या मारून दाणे बसवले, सेट पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. आले नाहीत. प्रफुलनं नाक दाबून बसल्या जागी पाच मिनिटं श्वास घेतला.

"एकदम ठीक, चाचा. उतरू?"

"अंहं. सेट उतार."

"आता काय राह्यलं?"

"ज्यानं भरला, त्यानं आधी घालायचा. बचाव-खोलीचा कायदा हाये."

"ते बचाव-खोली बंद होऊन सहा वर्षं झाली!"

"कायदा बंद झाल्याचं पत्र मले आलं नाई."

चौसष्टाव्या वर्षी चाचांनी सेट चढवला, तोंडात नळी धरली, नाकाला चिमटा लावला आणि खाणीचा चढ चढायला निघाले. चढून वर, उतरून खाली, वीस मिनिटं. बसलेल्या माणसाला श्वास लागतोच किती, त्यावर दाण्यांची परीक्षा होत नाही, हे त्यांचं म्हणणं. चालता चालता शंभरातून सात-सात वजा करत पाटीवर आकडे लिहायचे, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे हेही कळतं.

"भाऊ, आमच्या घरी हंडे कोरडे हायेत," नूतनबाई ओरडल्या. "आणि तुमी पाढे लिहून राह्यले?"

चाचांनी हात हलवला. ९३, ८६, ७९. आठव्या मिनिटाला धाप लागली. चढच तो, लागणार. कपाळात ठोके पडायला लागले. ऊन आहे, पडणार. मात्र आकडे कसे सुरेख सुचत होते! असं स्वच्छ डोकं त्यांना नोकरीतही कधी लाभलं नव्हतं. अकराव्या मिनिटाला पाय उचलेनात, तेव्हा सवयीनं हात नळीकडे गेला. झडप बंद करून त्यांनी नळी काढली आणि मातीत बसले.

प्रफुलनं पाटी वाचली. "७२, ६५, ५९, ५१, ५१, ५१."

"बरोबर हाये ना?" चाचांनी विचारलं.

दोन मिनिटांनी मोकळी हवा डोक्यात शिरली आणि त्यांनी पाटी परत मागितली. ५९ वर बोट ठेवलं, मग तिन्ही ५१ मोजले.

"हा सेट आज जाणार नाई."

"चाचा, राग नका मानू," प्रफुल अदबीनं म्हणाला. "सेट चांगला हाये. तुमचं वय झालं."

एकतीस वर्षांत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. आणि वाईट हे, की पोरगा खरं बोलत असू शकत होता. वय की दाणे? वय म्हटलं, तर पोरगा आत्ता पंचावन्न मीटरवर जाणार होता. चाचांनी दुपट्टा पसरला, डबा त्यावर उलटा केला आणि दाणे बोटांनी फिरवायला लागले. खालच्या थरातून मनुक्यासारखं काहीतरी निघालं. त्यांनी ते हुंगलं, मग प्रफुलच्या नाकाशी धरलं.

मोहाचं फूल होतं. सुकलेलं.

प्रफुलनं आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"हो मंग!" रुखमाबाई म्हणाल्या. "तलावात सराव करून आला की बादलीभर दाणे फेकून द्यायचा तू. जांभळे पडले म्हणून का फेकावं? गच्चीवर मोह वाळत होता, त्याच्या बाजूले पसरवले. एका उन्हात पांढरे झाले. ड्रममध्ये भरले, झाकण घट्ट लावलं."

दाणे वापरले की जांभळे पडतात. पडून राहिले की रंग आपोआप जातो, ताकद मात्र परत येत नाही. हे प्रफुलला ठाऊक होतं, चाचांना ठाऊक होतं. प्रफुलचा चेहरा त्या दाण्यांसारखा झाला. तो मातीत बसला. चाचांनी फोन घेतला.

"रुखमाबाई, मोहाले ऊन पाह्यजे. याले नाई चालत. हे दाणे घेऊन पोरगा खाली गेला असता त वर आला नसता."

रुखमाबाईंचा आवाज बारीक झाला, "मले कोणं सांगतलं होतं, भाऊ?"

चाचांनी आठवून पाहिलं. त्यांनी प्रफुलला सांगितलं होतं, कमरजहाँला सांगितलं होतं, रिक्षावाल्यालाही सांगितलं होतं. दाणे ज्या घरात राहत, त्या घरच्या बाईला सांगितलं नव्हतं.

"नाई सांगतलं," ते म्हणाले. "चूक माही हाये."

नूतनबाईंनी टँकरसाठी तहसीलला फोन केला आणि चाचांकडे पाठ करून बोलल्या.

नवे दाणे नागपूरहून पाचव्या दिवशी आले. त्या दिवशी रुखमाबाई स्वतः खाणीवर आल्या. सीलबंद ड्रम त्यांनी चाचांसमोर फोडला. चाचा उतारावर वीस मिनिटं चालले. आकडे दोनपर्यंत बरोबर उतरले. मग प्रफुल गेला. पाण्यावर बुडबुडा नाही, काही नाही. पाहायला काहीच नसल्यानं सगळे पाण्याकडे पाहत राहिले. दीड तासानं पंप बांधल्याची खूण म्हणून दोर तीनदा हलला, आणि खोलातून हळूहळूच वर यायचं असल्यानं बऱ्याच वेळानं प्रफुलचं डोकं वर आलं.

गावकरी पंप ओढायला दोराला भिडले. रुखमाबाईंनी पोराचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग सेटमधला डबा काढायला लावला आणि दाणे घमेल्यात ओतले. अर्ध्याहून जास्त पांढरेच होते. एवढे पांढरे दाणे टाकताना रुखमाबाईंचा जीव तुटला. तरी त्यांनी त्यात माती टाकली, पाणी ओतलं आणि कोणालाही पुन्हा वेचता येऊ नये असा चिखल केला.