वाढत्या अंगाचं माप

आमच्या अब्बांनी बुरशी मोजली आहे, आणि तीही शिंप्याच्या टेपनं. हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. हसू देत. संगणकात फोटो टाकला की चहा येण्याआधी त्यांच्या हातात बुरशीच्या तंतूंची लांबी असते. त्यांना काय कळणार.

माझं संशोधन धानाची तणीस, म्हणजे मळणीनंतर उरलेला पेंढा, कुजवणाऱ्या बुरशीवर होतं. तिचे तंतू तासाला किती वाढतात, एवढाच प्रश्न. गडचिरोलीच्या कॉलेजात मी सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायची, भिंतीवर मोठे करून पातळ कागदावर गिरवायची आणि शनिवारी एसटीनं चामोर्शीला घरी न्यायची. अब्बा, म्हणजे सादिक टेलर, शाळेचे गणवेश शिवायचे. जेवणं झाली की त्यांच्या कापायच्या टेबलावर कागद पसरायचा. तंतूच्या प्रत्येक फाट्यावरून ते टाचण्या टोचत काळा दोरा वळवत न्यायचे, मग तो सरळ करून टेपला लावायचे आणि आकडा बोलायचे. मी लिहून घ्यायची. अम्मी मधूनच डोकावून विचारायची, "निजली का तुमची बुरशी?" ते शनिवार अजून आठवतात. इतकं सुख मला पुढे डिग्रीनंही दिलं नाही.

डिग्री मिळाली तेव्हा अब्बांनी बाजारभर सांगितलं, "माह्या मापावर पोरगी डॉक्टर झाली." अम्मी गेली, दुकान बंद झालं, तरी येईल-जाईल त्याला ते हेच सांगतात.

यंदा माझी विद्यार्थिनी नंदिनी हिनं ते जुने फोटो संगणकात मोजायला घेतले. तेव्हाची बुरशी आणि आताची, अशी तुलना तिला करायची होती. एका दुपारी ती तोंड पाडून माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, तुमचं जुनं माप सगळ्याच फोटोत जास्त येऊन राह्यलं. मले वाटलं माहंच चुकलं. हातानं मोजून पाह्यलं, तरी तेच."

"किती जास्त?"

"सगळीकडं सारखंच. लहान तंतूतही तेवढंच, मोठ्यातही तेवढंच."

माझ्या डिग्रीला धक्का नव्हता. वाढ काढताना नंतरच्या मापातून आधीचं वजा करतात. दोन्हींत सारखंच जास्त असलं की ते वजाबाकीत उडून जातं. पण जुनी लांबी चुकली होती, हे नंदिनीला शोधनिबंधात लिहावंच लागणार होतं, आणि का चुकली तेही. ते फक्त अब्बांनाच माहीत. आता त्यांना कोणत्या तोंडानं विचारायचं? म्हातारपणी उराशी धरावं असं माणसाकडे एकच वाक्य उरलेलं, आणि त्यातली हवा काढायला निघालेली त्याचीच लेक. मला नंदिनीचा रागच आला. तिचा काही दोष नव्हता.

रविवारी चामोर्शीला गेले. अब्बा दारात खाटेवर बसले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, चहा झाला, तरी विषय जिभेवर येईना. शेवटी विचारलं, "अब्बा, बुरशीचं माप घेताना तुम्ही थोडं जास्त धरत होते का?"

"मंग?" ते म्हणाले. "दोन बोटं जास्तच सांगत होतो. तूच म्हनत होती ना, वाढून राह्यली, वाढून राह्यली. वाढत्या अंगाचं माप नेमकं घेते का कोनी? जूनमधी शिवलेला ड्रेस दिवाळीले तंग झाला, त मायबाप कोनाले बोलते? शिंप्याले."

मला हसू आवरेना. अब्बांचा चेहरा मात्र उतरला.

"काऊन, चुकलं का काही? तुही डॉक्टरकी त नाई ना जात?"

"नाई जात. आजच्या मापात दोन बोटं, उद्याच्यातही दोनच. पोर किती वाढलं, ते बरोबरच निघते." मग मन घट्ट करून पुढचंही सांगून टाकलं. "पण लांबी चुकली, अब्बा. कॉम्प्युटरनं पकडली. आता ते छापून येईल."

रस्त्यावरून कोणी सलाम करून गेलं, त्यालाही अब्बांनी उत्तर दिलं नाही. झालं, मोडलं मी यांचं, असं वाटून मी खाली बघत बसले.

"दरखेपी दोनच बोटं निघाली?" त्यांनी विचारलं. "कधी कमी, कधी जास्त, असं नाई?"

"नाई. सगळ्या फोटोत सारखीच."

"कॉम्प्युटर म्हनते असं?"

"हो."

अब्बांनी आपला उजवा हात पुढे धरला. वर्षभरापासून तो थरथरतो. बटण लावायलाही माणूस लागतो. त्या हाताकडे ते बघत राहिले.

"म्हंजे चांगला होता हात," ते म्हणाले. "एका बोटाचा फरक नाई पडू देल्ला."

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो थरथरतच होता, आणि अब्बा हसत होते.