छापाचं पोतं आणि मी टोच्या

मी एक जुना टोच्या आहे. हसलात ना? हसा. धान्याच्या बाजारात मला हेच म्हणतात. वीतभर लांब, आतून पोकळ, पुढे टोकदार अशी लोखंडी नळी. बंद पोत्यात मला खुपसलं, की थोडे दाणे माझ्या पोटातून तळहातावर येतात. वर चांगला माल आणि खाली कचरा भरणारे कमी नाहीत, मित्रांनो! म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हाच माझा धंदा. पोतं कितीही साळसूद दिसो, मी आधी टोचणार.

एका लोहाराने मला घडवलं आणि धान्याच्या दुकानाच्या मालकिणीने मला कमरेला खोचलं. तिला सगळे मावशी म्हणत. मावशी माझ्याहून संशयी. सख्ख्या धाकट्या भावाचं पोतंही ती टोचल्याशिवाय घेत नसे.

"अगं ताई, मी काय परका आहे?" भाऊ चिडायचा.

"परका असतास तर दोनदा टोचलं असतं!"

माल चांगला निघाला की ती भोकावर बोट घासायची. धागे सरकून भोक मिटायचं.

मग एका वर्षी पीक करपलं. दूरच्या देशांतून मदतीचा मका आला, पांढऱ्या पोत्यांत, निळा छाप मारलेला. खोटं कशाला बोलू? त्या मक्यावरच लोक जगले. मी टोचून पाहिला होता. पिवळा, टपोरा, एक खडा नाही. आमचा मका पांढरा आणि बारीक असतो.

पुढच्या वर्षी आमचं पीक झकास आलं. पण कापणी उरकते न उरकते तोच मदतीचे ट्रक पुन्हा हजर! फुकट मिळत असताना विकत कोण घेणार? भाव गडगडला. भावाचा मका मावशीच्या दुकानात पडून राहिला, त्याला कीड लागली. "ताई, यंदा पेरतच नाही," भाऊ म्हणाला, "पिकवून कुणाच्या डोक्यावर ओतू?"

अशात, मदतीमुळे बाजाराचं काय झालं ते पाहायला मदत पाठवणाऱ्या संस्थेच्या एक बाई वही घेऊन आल्या. फार गोड बोलायच्या. मला गोड बोलणाऱ्यांचाच संशय जास्त. त्यांनी बाजारभर फिरून पोती मोजली. चाळीसांतल्या छत्तीस पोत्यांवर निळा छाप. "म्हणजे इथे स्थानिक मका उरलाच नाही. मदत वाढवायला हवी," असं म्हणत त्या लिहू लागल्या.

झालं! आता बुडालो आपण, मी मनात म्हटलं. आमच्या लोकांची सवय त्यांना ठाऊक नव्हती. छापाची पोती घट्ट विणीची असतात. रिकामी झाली की धुवायची, वाळवायची आणि आपलाच माल त्यांत भरायचा. चांगलं पोतं कोण फेकतं?

मावशीने मला कमरेतून उपसलं. "बाई, पोत्याचं तोंड काय वाचताय? पोटात बघा!" आणि खस्सकन खुपसलं. पांढरा मका. दुसरं पोतं, तोच. बाई ओशाळल्या. मग मला हातात घेऊन उरलेली सगळी पोती त्यांनी स्वतः टोचली. छत्तीसपैकी चौतीस पोत्यांत आमचाच मका! एवढा मान मला जन्मात मिळाला नव्हता. बाईंनी आमच्यासमोर लिहिलेलं पान फाडलं. "पुढच्या कापणीला बाहेरचा मका येणार नाही. तुमचाच विकत घेऊ आणि डोंगरापलीकडच्या उपाशी गावांना देऊ."

त्या गेल्यावर भावाने विचारलं, "ताई, मग सगळं रान पेरू ना?"

"बोलणारे बोलून जातात," मावशी म्हणाली. "अर्धंच पेर."

मलाही ते पटलं. मावशीचं ऐकून बाकीच्या शेतकऱ्यांनीही अर्धंच पेरलं.

कापणी झाली आणि ट्रक आले. पांढरी पोती, निळा छाप! भाऊ मटकन खाली बसला. "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणत मावशी धावली आणि पहिल्याच गठ्ठ्यात तिने मला खुपसलं. मी रिकामा बाहेर आलो. पुन्हा खुपसलं. एक दाणा नाही.

"अहो मावशी, रिकामी आहेत ती!" ड्रायव्हर ओरडला. "तुमच्याकडून भरून न्यायला पाठवलीत."

भाऊ हसला आणि पोती भरायला लागला. सगळ्यांचा मका भरून झाला तरी अर्धी पोती रिकामीच राहिली. डोंगरापलीकडे तेवढं धान्य कमी गेलं. मावशी ती पोती घडी घालत बसली.

मित्रांनो, आता मी दुकानातल्या खिळ्याला टांगलेला असतो. गंज चढतोय, कुणी तेलाचं बोट फिरवलं तर बरं वाटेल. डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी कधीच सांगणार नाही. कुणाला मदत करायला निघालात तर वरचा छाप वाचून परत फिरू नका, आत बघा. पण ज्या बाईंनी आपलं चुकलेलं पान आमच्यासमोर फाडलं, त्यांना आम्ही आणखी किती टोचणार होतो? माल चांगला निघाला की भोकावर बोट फिरवायचं असतं. तेवढं आम्ही विसरलो.