बोर्ड नसताना पास

चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ दुरुस्त करून डायलमास्तरांना मिळालं काय, तर हे टोपणनाव. रेडिओवर कंपनीचं नाव असतं, दुरुस्त करणाऱ्याचं कुठेच नसतं. म्हणून पुतणीने एका खुल्या प्रकल्पाबद्दल सांगितलं तेव्हा मास्तरांनी आधी नाक मुरडलं आणि मग चष्मा पुसायला घेतला.

प्रकल्प असा, की तळहाताएवढा रेडिओचा बोर्ड, त्याचं निम्मं काम संगणकच करणार आणि आराखडा सगळ्यांना खुला. हौशी लोकांनी नमुना घरी तपासायचा, निकाल कळवायचा, की नाव तपासनिसांच्या यादीत. सगळे पास म्हणाले की बोर्ड कारखान्यात जाणार.

"हौशी म्हणे!" मास्तर बायकोला म्हणाले. "सोल्डरिंग गन कुठून धरतात ते माहीत नाही, आणि निघाले रेडिओ तपासायला!"

बोर्ड आला. सूचनांचं पान मास्तरांनी उघडलंच नाही, त्यांच्या मते सूचना अडाण्यांसाठी असतात. वायर जोडली, चाचणीचा प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पास' आलं. त्यांनी लगेच कळवून टाकलं. यादीत एकतिसावं नाव त्यांचं लागलं आणि जेवणाआधी त्यांनी ते सहा वेळा बघून घेतलं.

चार दिवसांनी व्याही आले. त्यांच्यासमोर मास्तरांनी थाटात चाचणी पुन्हा चालवली. पुन्हा पास. व्याही "वा!" म्हणतात तोच आतून बायको म्हणाली, "अहो, तो बोर्ड मी कपाटात ठेवलाय. मघाशी टेबल पुसलं ना."

वायरचं मोकळं टोक टेबलाखाली लोंबकळत होतं. व्याह्यांना एकदम घरची कामं आठवली.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एकतीस टाळकी! वायर काढून बघावं असं एकालाही सुचू नये? हिरवं दिसलं की नाचायचं! आता शेकड्याने मुके बोर्ड निघतील. एकेकाचं नाव घेऊन वाभाडे काढतो!"

खरंच बसले टाइप करायला. बायको मागे उभी राहून वाचत होती.

"हे तीसच झाले," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही कितवे?"

"मी वायर जोडली होती!"

"जोडली होती. पण रेडिओ ऐकला होता का?"

तीस नावं टाकून स्वतःचं गाळलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं, आणि हा विचार आपल्या मनात आला याचीच मास्तरांना भयंकर लाज वाटली. त्यांनी सगळी नावं खोडली आणि एवढंच लिहिलं: 'चाचणी खोटी आहे. बोर्ड नसतानाही पास म्हणते. सगळे निकाल रद्द करा, माझा आधी करा.'

दुसऱ्या दिवशी यादी कोरी झाली. मास्तरांनी सूचना पहिल्यापासून वाचल्या, ओळखीचं स्टेशन लावलं, कान देऊन बसले. हूं नाही की चूं नाही. बोर्ड ठार मुका होता. त्यांनी निमूटपणे कळवलं, आणि कोऱ्या यादीत पहिलं नाव त्यांचंच लागलं, पुढे लाल अक्षरांत 'नापास'.

"हे कुणाला दाखवत बसू नकोस," ते पुटपुटले.

"व्याह्यांना केव्हाच फोन केला," बायको म्हणाली. "म्हटलं, आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा सूचना वाचल्या."