जा आणि बा

साडेसातला मी पहिला कप काढला. मशीनमधून कॉफी नऊ सेकंदांत खाली आली. लागायला हवेत अठ्ठावीस. नऊ सेकंदांत फक्त वाईट बातमी येते.

आत्या नऊला येणार होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्यामुळे दीड महिना तिचं कॉफीचं दुकान कोण बघणार हा प्रश्न होता. तिने सोपा तोडगा काढला. नऊ वाजता मी तिला एक कप कॉफी द्यायची. जमली तर किल्ली माझी. नाही जमली तर दुकानाला कुलूप आणि मी काकांच्या गादी कारखान्यात, गाद्या तपासायला. म्हणजे दिवसभर गाद्यांवर आडवं पडायचं. माझा मोठा भाऊ तिथे तीन वर्षं पडून आहे. परवा बढती मिळाली, आता डबलबेडवर पडतो. मला तर न्हाव्याकडेही धड बसवत नाही.

चार महिने मी कप धुतले, दूध तापवलं. दाणे दळायच्या चक्कीला हात लावायचा नाही, असं आत्याने बजावलं होतं. काल लावला, पुसायला. दळण ठरवणारी चकती फिरली.

चकतीवर आकडे नाहीत. एका टोकाला आत्याने नेलपॉलिशने ‘जा’ लिहिलंय, दुसऱ्या टोकाला ‘बा’. अर्थ उघड होता. जा म्हणजे जास्त, बा म्हणजे बास. मला जेवायला वाढताना आमचं एवढंच बोलणं होतं.

भुकटी रवाळ पडत होती, म्हणजे दळण कमी होत होतं. मी चकती ‘जा’कडे सरकवली. सात सेकंद, चव आंबट. अजून सरकवली. पाच सेकंद. पाणी भुकटीतून असं सुटत होतं, जणू त्याचं दुसरीकडे काम आहे. कॉफी टाकून द्यायला जीव होईना, म्हणून पीत गेलो. सहाव्या कपाला माझा डावा पाय स्वतंत्र झाला. आठव्याला मी फरश्या मोजल्या. दोनशे बारा. पुन्हा मोजल्या. दोनशे नऊ. तीन कुठे गेल्या, या काळजीत नववा कप प्यायलो.

नऊला पाच मिनिटं असताना शेजारचा चष्मेवाला काच ठोठावू लागला. दार किलकिलं करून मी त्याला दहावा कप दिला.

“कसा आहे?”

“एक डोळा उघडला,” तो म्हणाला. “दुसरा म्हणतोय, थांब, आधी याचं काय होतं ते बघू.”

हे ऐकतच मागच्या दाराने आत्या आली. त्याच्या हातातला कप घेऊन घोट घेतला. चक्कीत डोकावली.

“ही खडी कोणी टाकली?”

“तूच लिहिलंयस ना, जा म्हणजे जास्त!”

“जा म्हणजे जाड, गधड्या! आणि बा?”

“बास?”

“बारीक!” तिने गुडघा धरला, पण हसू दाबायला. “भुकटी जाड असली की पाणी पळतं. बारीक कर म्हणजे रेंगाळेल. फार बारीक केलीस तर अडेल, कडू होईल. आता कर. नऊला दोन मिनिटं आहेत.”

चकती ‘बा’कडे. चौदा सेकंद. अजून. सव्वीस. एवढंसं. अठ्ठावीस. कप दिला, बशी स्वतःच वाजत होती.

आत्याने अख्खा कप संपवला. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “जा.”

मी चक्कीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“जाड की जास्त?”

“अरे, जा! दार उघड. त्याचा दुसरा डोळा ताटकळलाय.”