उजवीकडची कळी

सवाई माधवरावांच्या काळातली गोष्ट. सदाशिव पेठेत सरुबाई राहायच्या. घरात काहीही ठरवायचं झालं की त्या देव्हाऱ्यातल्या गणपतीला कौल लावत. जास्वंदीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायच्या आणि देवाच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आजचा प्रश्न जड होता. यजमान गोपाळकृष्णपंत दफ्तरात कारकून. एका सरदारांनी त्यांना ग्वाल्हेरीस कारभारी म्हणून बोलावलं होतं आणि निरोप आजच द्यायचा होता. पंत म्हणाले, "तू कौल लाव. देव म्हणेल तसं." आणि ते ओंकारेश्वराच्या देवळाकडे निघून गेले.

उजवी कळी पडली.

सरुबाई चपापल्या. पुणं सोडायचं? नारायण पेठेतल्या विठोबापुढचं कीर्तन सोडायचं? पडलेली कळी त्यांनी उचलली. ती कोमट लागली. डावी अजून गारच होती, ओली.

देवाच्या उजव्या हाताला समई तेवत होती.

त्या बघतच राहिल्या. गाय घेतली तेव्हा उजवी. माडी भाड्यानं दिली तेव्हाही उजवी. आजवर डावी कधी पडली होती? काही केल्या आठवेना. त्यांनी समई हळूच डावीकडे सरकवली, नव्या कळ्या लावल्या आणि वाट बघत बसल्या. थोड्या वेळानं डावी पडली.

"देवाची परीक्षा घेतेस होय गं?" दारातून सासूबाई मथुराबाई.

"देवाची नाही हो, समईची."

"मग? नापास झाली का?"

सरुबाईंना हसूही येईना. "इतकी वर्षं मी विचारत होते देवाला आणि उत्तर देत होती वात. आता ठरवायचं कसं?"

"रोज कीर्तनाला जातेस ना? हरिदासबुवा काय करतात? कीर्तन संपल्यावर कुणी शंका घेऊन आलं, तर आधी ती त्याच्याच तोंडून पुरती वदवून घेतात. मग बोलतात. घरात आजवर कळीला सगळे प्रश्न विचारलेस, माणसांना किती विचारलेस?"

"बरं, मग तुम्हीच सांगा. तुम्हाला जायचंय?"

"तुम्ही न्याल तिथे येईन. पण माझ्या गुडघ्यांचं निमित्त करून तू नाही म्हणू नकोस. तुला तर कीर्तन सुटेल म्हणून जायचं नाही. खरं की नाही?"

"खरं," सरुबाई पुटपुटल्या. किती हलकं वाटलं त्यांना!

एवढ्यात पंत आले. पागोटं खुंटीला अडकवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय आलं?"

"कौल मोडला मी. कसा ते नंतर सांगते. तुम्ही आधी बसा. तुम्हाला स्वतःला जायचंय का?"

पंत पाटावर टेकले. देव्हाऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "मला इथलंच काम आवडतं. पण एवढा मान नाकारायला जीभ रेटेना. वाटलं, डावी पडली तर परस्पर सुटेन."

"आणि उजवी पडली असती तर?"

"तर गेलो असतो. काय करणार?"

"शाबास!" मथुराबाई म्हणाल्या. "म्हणजे दोघांनाही जायचं नाही आणि निघाला होतात सगळे ग्वाल्हेरीस!"

पंतांनी पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं. दारापाशी थबकले. "सरदारांना सांगतो, देवाचा कौल मिळाला नाही."

"अहो, देवावर कशाला ढकलता?" सरुबाई म्हणाल्या. "आपल्याला जायचं नाही, असंच सांगा."

पंत गेले. सरुबाईंनी समई उचलून देवाच्या बरोबर समोर ठेवली आणि दोन्ही कळ्या त्याच्या पायांशी वाहिल्या. या खेपेला काही न विचारता.